म्हातारीच्या शेंगा

वार्षिक परीक्षा संपत आल्या की साताऱ्याला आमच्या घरामागच्या माळावर रुईच्या शेंगा तडकायच्या आणि म्हाताऱ्या उडायला लागायच्या. पांढऱ्या रेशमी केसांची ती म्हातारी पकडायची, फुंकर मारून परत सोडायची आणि कुणाची किती लांब जाते यावर पैजा लावायच्या, हा त्या दिवसांतला आमचा मुख्य उद्योग. घरी पाऊल टाकलं की आईची ताकीद ठरलेली, "रुईला हात लावला असशील तर आधी हात धू. डोळ्यात चीक गेला तर आंधळा होशील!" आणि शनिवारी त्याच रुईच्या पानांची माळ घेऊन तीच आई मला मारुतीला पाठवायची. एकच झाड विषारीही आणि देवाला चालणारंही, हे कसं काय, असा प्रश्न तेव्हा पडला नाही.

हे सगळं मी पार विसरून गेलो होतो. आठवलं ते थेट मिशिगनमध्ये, २००५ सालच्या जून महिन्यात, हातात तणनाशकाचा पंप असताना.

त्याचं असं झालं, की आम्ही त्याच वर्षी डेट्रॉईटच्या जवळच्या एका उपनगरात घर घेतलं होतं. इथे घर घेतलं की बरोबर लॉन येतं, आणि लॉन हा इथला एक धर्मच आहे. शनिवारी सकाळी गल्लीतले सगळे पुरुष आपापली यंत्रं काढून गवत कापत असतात. नवा नवा भाविक असल्यामुळे मीही जोरात होतो. मागच्या कुंपणालगत दहा-बारा फुटांच्या पट्ट्यात कमरेएवढी, रुंद पानांची झाडं माजली होती. एक पान तोडलं तर पांढराशुभ्र चीक! क्षणभर माळावरचा वास आल्यासारखं झालं. पण क्षणभरच. पंप मारायला सुरुवात केली.

अर्धा पट्टा मारून झाला असेल, तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या आजींनी हाक मारली. सत्तरीच्या आसपासच्या, एकट्या राहणाऱ्या, आमच्याशी तोपर्यंत हात हलवण्यापलीकडे ओळख नसलेल्या. मला वाटलं, वारा त्यांच्या भाज्यांकडे वाहतोय म्हणून रागावल्या. त्या सावकाश आत आल्या, न मारलेल्या अर्ध्या भागातलं एक पान उलटं केलं आणि मला खाली वाकायला सांगितलं. पानाच्या पाठीवर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक सुरवंट निवांत चरत होता. मग त्यांनी जे सांगितलं ते मला आधी थापच वाटली. म्हणाल्या, मी आठ वर्षांची असताना या झाडाच्या शेंगा गोळा केल्या होत्या, त्यावर आपले खलाशी बुडायचे वाचले.

थाप नव्हती. नंतर मी वाचनालयात जाऊन बघितलं आणि तिथून जो नाद लागला तो आजतागायत सुटलेला नाही. या झाडाला इथे मिल्कवीड म्हणतात. त्याची आणि त्याच्यावर राहणाऱ्या चिमुकल्या प्राण्यांची ही कथा.

आधी आजींच्या शेंगांचं बघू. दुसऱ्या महायुद्धापर्यंत लाइफ जॅकेटमध्ये कपॉक भरत असत. कपॉक म्हणजे आपल्या सावरीच्या कापसाचा जवळचा नातलग. तो मुख्यतः जावा बेटावरून येई. १९४२ च्या मार्चमध्ये जपानने जावा घेतलं आणि पुरवठाच थांबला. इकडे तर अमेरिकेचं आरमार दोन महासागरांत लढत होतं. शिकागोचे एक डॉक्टर, बोरिस बर्कमन, मिल्कवीडच्या म्हातारीचा उपयोग करा म्हणून आधीपासून मागे लागले होते. म्हातारीचा प्रत्येक केस म्हणजे एक पोकळ नळी, आत हवा, बाहेरून मेणाचा थर. पाणी आत शिरत नाही आणि नळी तरंगत राहते. आपण ज्याला फुंकर मारत होतो ते उत्तम दर्जाचं इंजिनियरिंग मटेरियल होतं तर!

उत्तर मिशिगनमधल्या पेटॉस्की या गावात सरकारी पैशाने म्हातारी वेगळी करण्याचा कारखाना उभा राहिला. पण शेंगा आणायच्या कुठून? मिल्कवीडची शेती कुणीच करत नव्हतं, ते रस्त्याच्या कडेला आणि पडीक रानात वाढणारं तण. आणि तोडायला माणसं कुठून आणायची? तरणी मंडळी तर युद्धावर. तेव्हा सरकारने शाळांना साद घातली. १९४४ च्या शरद ऋतूत मुलांना कांद्याची जाळीदार पोती वाटली गेली आणि घोषणा दिली गेली, दोन पोती शेंगा म्हणजे एक जीव. पोत्यामागे पंधरा-वीस सेंट मिळत. आजी सांगायच्या, की भरलेली पोती वाळायला शेताच्या कुंपणांवर ओळीने लटकवायची, आणि शाळेतून येताना त्या ओळी बघून वाटायचं, बाबा जिथे आहेत तिथे हे पोचणार. त्यांचे वडील पॅसिफिकमध्ये नौदलात होते. ते परत आले. आजींचा ठाम विश्वास होता, की त्यात आपल्या दोन पोत्यांचा वाटा आहे. मी इंजिनियर असूनही त्यांना कधी उलटतपासणी केली नाही.

युद्ध संपलं, कपॉक परत मिळू लागला, पाठोपाठ कृत्रिम धागे आले. कारखाना बंद झाला आणि मिल्कवीड पुन्हा तण झालं.

आता थोडं मागे जाऊ, कारण या झाडाचं आणि आपल्या रुईचं नातं मला वाटलं त्यापेक्षाही जवळचं निघालं. मिल्कवीडचं शास्त्रीय नाव ॲस्क्लेपियस सिरियाका. पहिला शब्द ग्रीकांच्या वैद्यकदेवतेवरून, म्हणजे धन्वंतरीच म्हणा. दुसऱ्या शब्दाचा अर्थ सीरियाचं. हे झाड शंभर टक्के उत्तर अमेरिकेचं, त्याचा सीरियाशी काय संबंध? तर १६३५ साली जॅक कॉर्न्यू या फ्रेंच माणसाने कॅनडाच्या वनस्पतींवर पुस्तक लिहिताना या झाडाची पूर्वेकडच्या एका चिकाच्या झाडाशी गल्लत केली, आणि १७५३ मध्ये लिनियसने ती चूक नावात कायमची कोरून ठेवली. याच १७५३ च्या ग्रंथात लिनियसने आपल्या रुईलाही नाव दिलं. काय दिलं असेल? ॲस्क्लेपियस जायगँशिया! म्हणजे बारशाच्या वेळी रुई आणि मिल्कवीड एकाच घरातल्या बहिणी होत्या. पुढे एकोणिसाव्या शतकात रुईचं बिऱ्हाड वेगळं झालं आणि ती कॅलोट्रोपिस झाली. कूळ मात्र आजही एकच. तेव्हा २००५ च्या जूनमध्ये माझ्या नाकाने जे ओळखलं ते बरोबरच होतं, हाताने ऐकलं नाही एवढंच.

त्या वाचलेल्या अर्ध्या पट्ट्याला मग मी हात लावला नाही. आणि दर उन्हाळ्यात संध्याकाळी ऑफिसातून आलं की खुर्ची टाकून बसू लागलो. टीव्हीपेक्षा बरी करमणूक असते हो!

जून-जुलैत गुलाबी फुलांचे गेंद येतात. वास असा, की अख्ख्या गल्लीला कळावं. मधमाश्या, भुंगे, गांधीलमाश्या यांची झुंबड उडते. पण या फुलाचा कारभार गमतीशीर आहे. त्याचे पराग सुटे नसतात, दोन पिशव्यांत भरलेले असतात आणि त्या पिशव्या वर एका चिमट्याला जोडलेल्या असतात, बैलाच्या पाठीवर टाकलेल्या गोण्यांसारख्या. माशीचा पाय घसरून फटीत गेला की चिमटा पायाला बसतो आणि ती जोर लावून उडाली की गोण्या तिच्याबरोबर. लहान माशीत तेवढा जोर नसतो. ती तिथेच लटकून मरते, आणि मुंग्या तिला घेऊन जातात. हे फलन कसं होतं ते रॉबर्ट ब्राउनने १८३१ साली आमरी आणि मिल्कवीड या दोन कुळांचा अभ्यास करून मांडलं. ब्राउनियन मोशनवाला तोच हा ब्राउन. आणि त्याच निबंधात त्याने पेशीतल्या एका गोल ठिपक्याला न्यूक्लियस हे नाव दिलं. शाळेत पेशीची आकृती काढून आपण सगळ्यांनी केंद्रक रंगवलंय, त्याच्या नावाचं बारसंही याच कुळाच्या अंगणात झालं!

फुलांच्या गेंदात एक पांढरा खेकडा-कोळी दबा धरून असतो. तो जाळं विणत नाही. पिवळ्या फुलावर जाऊन बसला तर काही दिवसांत स्वतः पिवळा होतो. पानांवर लाल रंगाचा, काळ्या ठिपक्यांचा, लांब मिशांचा भुंगेरा असतो. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच चार डोळ्यांचा, कारण मिशी डोळ्याच्या मधोमध उगवते आणि डोळ्याचे दोन तुकडे करते. चिमटीत धरला तर कुरकुरतो. शेंगांवर नारिंगी-काळे ढेकूण, सोंड खुपसून बिया शोषणारे. कोवळ्या शेंड्यांवर हळदीसारखा पिवळा मावा. या माव्यात सगळ्या माद्याच, नराशिवाय थेट पिल्लं घालणाऱ्या. हा मूळचा भूमध्य समुद्राकडचा, कण्हेरीबरोबर जगभर पसरलेला, आपल्याकडे रुईवरही हाच असतो. म्हणजे आमच्या पट्ट्यातला माझ्यासारखाच परदेशातून आलेला, आणि माझ्यापेक्षा चांगला स्थिरावलेला. ऑगस्टमध्ये काळ्या-पांढऱ्या-नारिंगी केसांच्या सुरवंटांची झुंड येते आणि पानाची जाळी करून टाकते. त्यांचे पतंग झाले की रात्री वटवाघळांना ऐकू जातील असे टिकटिक आवाज काढतात. अर्थ एवढाच, मी कडू आहे, वाटेला जाऊ नकोस.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. लाल, नारिंगी, पिवळा, काळा. सगळे भडक कपड्यांत! लपायचं नाव नाही. याचं कारण त्या चिकात आहे.

मिल्कवीडच्या चिकात हृदयावर परिणाम करणारं विष असतं. माझ्या वडिलांना शेवटच्या काही वर्षांत डिगॉक्सिनच्या गोळ्या होत्या, ते औषध याच जातीचं. शरीरातल्या प्रत्येक पेशीत सोडियम बाहेर फेकणारा एक पंप असतो, तो हे विष अडवतं. थोडं दिलं तर थकलेलं हृदय जोर धरतं, जास्त झालं तर थांबतं. मग हे किडे कसे जगतात? १९६० च्या दशकात लिंकन ब्राउअर या शास्त्रज्ञाने मोनार्क फुलपाखरांवर सुरेख प्रयोग केला. पट्टेदार सुरवंटाचं होतं ते नारिंगी-काळं फुलपाखरू म्हणजे मोनार्क. त्याने काही सुरवंट मोठ्या खटपटीने कोबीवर वाढवले, बाकीचे मिल्कवीडवर. ब्लू जे नावाच्या पक्ष्याने कोबीवाली फुलपाखरं आनंदाने खाल्ली. मिल्कवीडवालं एक खाल्लं आणि थोड्या वेळाने भडाभडा ओकला. त्यानंतर मोनार्क नुसता दाखवला तरी तोंड फिरवू लागला. १९६९ साली त्या ओकणाऱ्या पक्ष्याचे फोटो छापून आले आणि अमर झाले. म्हणजे विष झाडाचं, सुरवंट ते साठवतो, आणि भडक कपडे ही पाटी, सावधान!

पुढे २०१२ मध्ये कळलं, की मोनार्क, भुंगेरा, ढेकूण अशा अगदी दूरदूरच्या किड्यांच्या सोडियम पंपात जवळजवळ तेच बदल स्वतंत्रपणे झालेले आहेत. २०१९ मध्ये तर साध्या फळमाशीच्या जनुकात मोनार्कमधले तेच बदल करून तिला हे विष पचवायला लावलं. कोट्यवधी वर्षं वेगळ्या वाटांनी आलेल्या लोकांनी एकाच कुलपाला तीच किल्ली बनवली! पण म्हणून सगळं सोपं नाही. अंड्यातून नुकते निघालेले कित्येक सुरवंट पहिल्याच चाव्यात चिकात बुडून मरतात. वाचतात ते आधी पानाची शीर कुरतडून चीक वाहून जाऊ देतात आणि मग जेवायला बसतात.

आता मोनार्कची सर्वात मोठी गोष्ट. उन्हाळ्यातलं मोनार्क दोन ते सहा आठवडे जगतं. पण शरदात जन्मणारी पिढी वेगळीच. ती आठ-आठ महिने जगते आणि दक्षिणेकडे निघते. कुठे जाते हे शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं माहीत नव्हतं. टोरांटोचे फ्रेड अर्कहार्ट १९३७ पासून शोधत होते, पुढे त्यांची पत्नी नोराही त्यात आली. पंखावर नंबरचं लेबल लावायचं आणि कुठे सापडतं ते बघायचं. पहिली डिंकाची लेबलं पावसात धुऊन गेली. मग दुकानातल्या किमतीच्या चिकट लेबलांसारखी केली, ती टिकली. हजारो हौशी माणसं मदतीला आली. अखेर २ जानेवारी १९७५ रोजी केन ब्रुगर आणि कॅटालिना अग्वादो हे दोघे मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातल्या सेर्रो पेलोन डोंगरावर चढले, आणि समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरवरच्या जंगलात झाडंच्या झाडं फुलपाखरांनी झाकलेली त्यांना दिसली. कॅटालिना तिथलीच. केन इंजिनियर होता, हे मी अभिमानाने सांगतो, आणि रंगांधळा होता, हे लोक हळहळून सांगतात. नंतर १९७६ च्या जानेवारीत म्हातारे अर्कहार्ट स्वतः वर चढले, तेव्हा मिनेसोटात लेबल लावलेलं एक फुलपाखरू त्यांच्यासमोर सापडलं.

याला शोध म्हणायचं का, हा प्रश्नच आहे. डोंगराखालच्या गावकऱ्यांना ती फुलपाखरं पिढ्यान्पिढ्या ठाऊक होती. ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतात, नेमकी मृतांच्या सणाच्या सुमारास, म्हणून तिथे मानतात की गेलेल्या माणसांचे आत्मे परत आले. पितृपक्षात कावळ्याची वाट बघणाऱ्या आपल्याला हे समजायला दुभाष्या लागू नये. फक्त ती फुलपाखरं मिशिगनहून येतात हे त्यांना माहीत नव्हतं आणि मेक्सिकोला जातात हे आमच्या आजींना.

आणि इथून कथेला वाईट वळण लागतं. मेक्सिकोत फुलपाखरं मोजता येत नाहीत, म्हणून त्यांनी किती हेक्टर जंगल व्यापलं ते मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात सुमारे १८ हेक्टर. २०१३-१४ मध्ये ०.६७. मध्ये एक हेक्टरही नाही! त्यानंतर आकडा वर-खाली होत राहिला. २०२३-२४ मध्ये ०.९०, २०२४-२५ मध्ये १.७९. मेक्सिकोत जंगलतोड झाली, हवामान बिघडलं, हे खरंच. पण इथलं कारण बघा. १९९६ मध्ये तणनाशक सहन करणारं सोयाबीन आलं, दोन वर्षांनी मका आला. पिकावरूनच ग्लायफोसेट फवारायचं, पीक उभं आणि बाकी सगळं साफ. त्याआधी मक्याच्या ओळींत मिल्कवीड हमखास असे. १९९९ ते २०१० या काळात अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातलं ५८ टक्के मिल्कवीड गेलं, असा अंदाज २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मोनार्क दुसऱ्या कशावर अंडी घालत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकन सरकारने मोनार्कला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घालण्याचा प्रस्ताव मांडला. आणि आता परत शाळांना सांगतात, मुलांनो, मिल्कवीड लावा.

त्या ग्लायफोसेटचाच पंप २००५ मध्ये माझ्या हातात होता. शेतकऱ्याला निदान पोट होतं, मला नुसतं लॉन.

आजी २०१६ च्या हिवाळ्यात गेल्या. त्यांचं घर विकलं गेलं, मागची बाग सपाट झाली. त्याआधीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी मला एक पोतं शेंगा दिल्या होत्या. म्हणाल्या, दोन गोळा करायचा विचार होता, पण आता वाकवत नाही. त्या बियांनी मी मारून टाकलेला अर्धा पट्टा परत भरला. मिल्कवीडच्या बीला उगवण्यापूर्वी थंडी लागते, म्हणून बर्फ पडण्याआधीच टाकायच्या. पुढच्या मे महिन्यात वर आल्या.

गेल्या उन्हाळ्यात मात्र पत्र आलं. तुमच्या आवारात तण माजलं आहे, दहा दिवसांत काढा, नाहीतर आम्ही काढू आणि खर्च तुमच्यावर. पानांवर तेव्हा अकरा सुरवंट होते. मी त्यांना भेटून ही सगळी कथा सांगितली, आजींच्या पोत्यासकट. समोरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नियम दाखवला. मोकळं वाढलं तर ते तण, आखीव जागेत वाढलं तर बाग. शनिवारी मी जाऊन दीड फुटाचं लाकडी कुंपण आणलं आणि पट्ट्याभोवती ठोकलं. विषय संपला. १९४४ मध्ये देशाचं संरक्षण, नंतर तण, आता बाग. झाड तेच, त्याने काहीच केलेलं नाही.

असो. आता तुमच्यासाठी एक काम. मोनार्क तुमच्याकडे दिसायचं नाही, पण त्याचं सख्खं भावंड, प्लेन टायगर, तुमच्या रुईवर आहे. तेच पट्टे, फक्त याच्या सुरवंटाला शिंगांच्या तीन जोड्या, मोनार्कला दोन. थीब्समधल्या नेबामुनच्या थडग्यात, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या भिंतीवरल्या चित्रात, हेच फुलपाखरू रंगवलेलं आहे. आणि रुईवर निळा-पिवळा रंगीत टोळ असेल, तोही तीच पाटी घेऊन बसलेला. तेव्हा पुढच्या शनिवारी मारुतीसाठी पानं तोडाल, तेव्हा प्रत्येक पान आधी उलटं करून बघा. कुणी जेवत असेल तर ते पान राहू द्या, मारुती समजून घेईल. आणि सोसायटीच्या मोकळ्या प्लॉटवरची रुई कापायला माणूस आलाच, तर त्याला जरा कुंपणापलीकडून हाक मारा.